जुनी पिकअप, नवी बैठक



वाशीमच्या व्यासपीठावर इतिहासावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांना वाकाटकांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. मी मात्र आज विषय घेतला आहे तो जुन्या पिकअप गाडीत नव्या मोटारीची बैठक बसविण्याचा. चिटणीसांनी माझा कागद दोनदा वाचला आणि 'हा इतिहास आहे का?' असे सरळ विचारले. मी म्हटले, राजाच्या सिंहासनाचा इतिहास विद्वान लोक लिहितात; गाडीवानाच्या फळीचाही कोणी तरी सांगावा. मी पदवीधर नव्हे. मोटार कामगारांच्या संघटनेत वय गेले, आणि जे वाचले ते एस.टी.च्या बाकावर व दवाखान्यांच्या ओसरीवर बसून वाचले. तेव्हा चूकभूल आपण पदरात घ्यालच.

प्रथम शब्दाविषयी. गॅरेजात या वस्तूला कोणी बैठक म्हणत नाही, 'शीट' म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरीन.

आपल्या वऱ्हाडात बंडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात, कारण तो धुरेवर बसतो. धुरेवर बैठक अशी नसतेच. चार घड्या घातलेले पोते, फार तर कडब्याची पेंढी, एवढाच त्याचा थाट. मात्र धुरकऱ्याच्या बसण्याला एक मोकळीक होती. तो मांडी घाली, एक पाय खाली सोडी, अंग आंबले की उतरून बैलांच्या बरोबरीने चालू लागे. बंडीची चाल आणि माणसाची चाल यांत फरक तो कितीसा? मोटार आली आणि ही मोकळीक गेली. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या तीन पट्ट्यांनी माणसाचे पाय जागच्या जागी बांधून टाकले. वराहदेवाच्या त्या सोळाव्या लेण्यात भगवान बुद्धांची भव्य मूर्ती आहे, ती मांडी घातलेली नाही. पाय खाली सोडून आसनावर बसलेली आहे. आमचा ड्रायव्हरही तसाच बसतो. फरक इतकाच की त्याच्या आसनाखाली खड्डे असतात आणि मन शांत नसते.

पिकअप ही गाडी मूळची अमेरिकेतील शेतकऱ्याची. तेथील लोक मोटारीचा मागचा भाग कापून टाकीत आणि त्या जागी फळ्यांची पेटी जोडीत. फोर्ड कंपनीने हे पाहिले आणि १९२५ साली आपल्या 'मॉडेल टी' गाडीला कारखान्यातच अशी पेटी बसवून ती विकायला काढली. म्हणजे पिकअपचा जन्मच मुळी मोडतोडीतून झालेला आहे. जुन्या पिकअपमध्ये कोणी दुसऱ्या गाडीची शीट बसविली तर तो काही कुळाचाराला सोडून वागला असे होत नाही.

त्या जुन्या पिकअपांत बैठक कशी असे? या दारापासून त्या दारापर्यंत एक सलग बाक. बाकावर तीन माणसे मावत. बाक पुढेमागे होई तो सगळाच्या सगळा. ड्रायव्हर उंच असला तर शेजारच्या बुटक्यालाही त्याच्याबरोबर मागे जावे लागे. आपल्याकडच्या ॲम्बॅसडर आणि फियाट गाड्यांतही पुढे असाच सलग बाक असे. त्यामागे एक यांत्रिक कारण होते. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर होता, त्यामुळे मधली जागा मोकळी राहात असे. मोकळी जागा म्हटली की तेथे माणूस बसलाच पाहिजे, हा आपला न्याय. थोडक्यात, बाकाची मापे घेताना किती माणसे बसतील याचा विचार झाला; बसणाऱ्याच्या पाठीचा झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने जगाला जीप दिली. १९४१ नंतर ती लाखोंनी निघाली, आणि युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या जीप व ट्रक आपल्या देशातही बाजारात आले. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. जीपची शीट ज्याने पाहिली असेल त्याला वर्णन नको. पातळ गादी, आणि पाठ कशीबशी कमरेच्या वर येणारी. सैनिकाने त्यावर तासभर बसावे, उडी मारून उतरावे, असा तो हिशेब. पेट्रोलची टाकीही ड्रायव्हरच्या बुडाखालीच. युद्धातल्या जीपमध्ये तर गादी उचलूनच पेट्रोल भरावे लागे. पुढे याच जीपच्या सांगाड्यावर मागे पत्र्याची पेटी बांधून गावोगावी पिकअप तयार झाल्या. सैनिकाची तासाभराची बैठक आता मोसंबी, भाजीपाला आणि कापूस वाहणाऱ्या माणसाची बारा तासांची बैठक झाली. टाकीची जागाही ध्यानात ठेवा. तिच्याकडे मला परत यायचे आहे.

मोठ्या ट्रकांची कथा याहून वेगळी आणि, माझ्या मते, याहून लाजिरवाणी आहे. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक होऊ लागले. ट्रक म्हणजे काय, तर चाके, सांगाडा, यंत्र आणि पुढचे तोंड. केबिन नाही. असा उघडा सांगाडा कारखान्यातून निघे आणि ड्रायव्हर तो शेकडो मैल हाकीत नेई. वर आकाश, तोंडाला फडके, आणि बसायला लाकडी खोके किंवा तात्पुरती ठोकलेली फळी. पुढे बॉडी बांधणाऱ्याच्या अड्ड्यावर सुतार-लोहार केबिन उभी करीत. ड्रायव्हरची शीटही तेच करीत: खाली फळी, वर काथ्या, त्यावर रेक्झीन. मालक केबिनच्या माथ्यावर वेलबुट्टी काढून घेई, आरसे लावी, झुली आणि गोंडे लावी, देवादिकांची चित्रे रंगवून घेई. त्या कारागिरीला मी नावे ठेवीत नाही. आमच्या रंगाऱ्यांची पोटे तीवर भरली. तथापि गोंड्यांवर खर्च करणारा मालक काथ्याच्या दुसऱ्या थराला का कू करी, हे मी पाहिलेले आहे.

प्रवाशांचेही फार लाड नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. ती बेडफर्ड होती; तिची बॉडी लाकडी होती आणि बैठका काथ्याच्या. पण प्रवासी नगरला उतरून घरी गेला. किसन राऊत हे त्या गाडीचे चालक. एस.टी.च्या इतिहासात त्यांचे नाव राहिले, ही आनंदाची गोष्ट. एरवी गाडीचे नाव राहते, चालकाचे राहात नाही.

आता शरीराविषयी थोडे. माणूस बसला म्हणजे विसावला, अशी आपली समजूत आहे. स्वीडनमधील शल्यवैद्य आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला. उभ्या माणसापेक्षा टेका न घेता बसलेल्या माणसाच्या कमरेतील चकतीवर दाब अधिक भरला. म्हणजे टेका नसलेल्या फळीवरचा ड्रायव्हर हा उभ्या हमालाहून आरामात आहे, असे म्हणण्याची सोय उरली नाही. दुसरी गोष्ट हादऱ्यांची. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला सुमारे चार ते आठ वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देते. झोका योग्य वेळी ढकलला की उंच जातो, तसे. खराब रस्त्यावरच्या गाडीचे बरेचसे हादरे नेमके याच टप्प्यात पडतात. चांगली गादी आणि तिच्याखालची स्प्रिंग यांचे काम मऊ लागणे एवढेच नसते. हा हादरा पाठीपर्यंत पोचण्याच्या आत मारणे हे त्यांचे खरे काम. रबराची फेसाळ गादी डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२९ साली तयार झाली. तेव्हापासूनच्या प्रत्येक फेसाळ गादीला आपण 'डनलॉप'च म्हणतो, मग ती कोणाचीही असो. आमच्या ड्रायव्हरांना डनलॉप ठाऊक होता, पण तो लग्नात नवरदेवाच्या खोलीतला.

कायद्याने काय केले? १९३९च्या मोटार कायद्याने चालकाचे तास मोजले: सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले. गणवेश, उपाहारगृह, विश्रांतीची खोली यांच्या तरतुदी केल्या. तो कायदा ज्यांनी लढून मिळविला त्यांचे ऋण मी मानतो. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्या भागात एक ट्रक, एक ड्रायव्हर, एक क्लीनर हाच धंदा. शिवाय गाडीबाहेरच्या विश्रांतीची खोली त्याने मोजली, गाडीतली शीट नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. अलीकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांची केबिन वातानुकूलित असली पाहिजे, असाही नियम आला. उशिरा का होईना, चालक उकडतो हे दिल्लीला कळले. पण हा नियम साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या गाड्यांचा आहे. लहान पिकअपवाला त्यातूनही बाहेरच राहिला.

कायद्याने जे केले नाही ते भंगार बाजाराने केले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती गाडी आली. तिचा गिअर खाली, दोन शीटांच्या मध्ये. म्हणून पुढे सलग बाक नाही, दोन सुट्या बैठका. प्रत्येक बैठक आपल्या रुळावर पुढेमागे सरके, पाठ मागेपुढे कलती होई, वर डोक्याला टेका. या गाड्या जुन्या झाल्या, ठोकल्या गेल्या, मोडीत निघाल्या, आणि त्यांच्या शीटा बाजारात आल्या. मुंबईचे कुर्ला पाहा. तेथेच प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात डॉज ट्रक आणि फियाट गाड्या जन्मल्या, आणि त्याच कुर्ल्यात गाड्यांचे सुटे अवयव विकणाऱ्यांची रांग आहे. अशा बाजारांतून मोटारीची शीट गावोगावच्या गॅरेजात पोचली, तेथून जुन्या पिकअपमध्ये गेली. ही चळवळ कोणी पुकारली नव्हती. पाठ दुखणाऱ्या माणसांनी ती आपापली केली.

आता त्यातील खोच सांगतो. त्यासाठीच मी उभा आहे.

आमच्या युनियनचे एक सभासद जीपच्या जातीची जुनी पिकअप चालवीत. गाडी मालकाची. शीट बदलून द्या म्हणून ते दोन वर्षे म्हणत होते. शेवटी त्यांनी स्वतःच्या पैशाने मारुतीच्या दोन शीटा आणल्या, एका दुपारी गॅरेजात जुना बाक काढला आणि त्या बसवून घेतल्या. मोटारीची शीट बुटकी असते, कारण मोटारीत माणूस पाय लांब करून बसतो. पिकअपचे स्टीअरिंग उभे आणि उंच. म्हणून मिस्त्रीने खाली सागाचे ठोकळे घातले आणि चार बोल्ट फरशीच्या पत्र्यातून पार करून खाली साधे वायसर लावले. पत्रा गंजलेला होता. आठ महिने ते गृहस्थ सुखाने बसले. पाठ थांबली, असे सर्वांना सांगत.

२००६ सालच्या हिवाळ्यात कारंजाहून मंगरूळपीरकडे येताना पहाटे एक रोही आडवा आला. ब्रेक मारला, गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. बोल्ट तुटले नाहीत. बोल्टांभोवतीचा पत्रा रुपयाएवढ्या चकत्यांसारखा फाटून निघाला, आणि शीट माणसासकट स्टीअरिंगवर गेली. तीन फासळ्या आणि मांडीचे हाड. टाकी शाबूत राहिली, हे त्यांचे व आमचे नशीब. नवी शीट टाकीच्या जागेवरच उभी होती, आणि ठोकळ्याचा एक कोपरा टाकीच्या पत्र्याला लागून दबलेला मी स्वतः पाहिला.

त्या रात्री मी पाटीवर हिशेब मांडला. ताशी पन्नास किलोमीटरची गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या माणसाला आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट ओढ बसते. सत्तर किलोचा माणूस म्हणजे चौदाशे किलो, चौदा क्विंटल. सोयाबीनची एवढी पोती चार बोल्टांना टांगावीत, आणि ते बोल्ट गंजक्या पत्र्यात असावेत! नव्या मोटारींत पट्ट्याचे कुलूपच शीटच्या अंगाला जोडलेले असते, म्हणजे माणूस पट्ट्याने बांधलेला असला तरी त्याचा बराचसा भार पुन्हा त्याच बोल्टांवर येतो. शीट ही गादी आहे असे आपण समजतो. टक्कर होते त्या क्षणी ती सांगाड्याचा भाग असावी लागते. मोटारीच्या कारखान्यात तिच्याखालची फरशी त्या हिशेबाने केलेली असते. शीट काढून आणता येते, ती फरशी मागेच राहते.

दवाखान्याच्या बिलाचा प्रश्न आला तेव्हा मालकाने हात वर केले. 'मी दिलेली शीट त्यानेच काढली,' असे त्यांचे म्हणणे. १९२३चा नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा लागू होता, आणि त्यात खरेच एक कलम होते: सुरक्षिततेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले व त्यामुळे दुखापत झाली, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतीत मालकाची जबाबदारी नाही. आमच्यातलेही काही नरमले. मी ते कलम अनेकदा वाचले. 'सुरक्षिततेसाठी दिलेले साधन' हे शब्द त्यात होते. काथ्या निघालेला, एका बाजूला खचलेला, पट्टा नसलेला तो बाक सुरक्षिततेचे साधन कधी झाला? आणि १९८८च्या मोटार कायद्याचे बावन्नावे कलम गाडीत नोंदीविरुद्ध फेरफार करू नये असे बजावते ते मालकाला; चालकाला नव्हे. तीन माणसांचा बाक जाऊन दोन शीटा आल्या म्हणजे आसनसंख्या बदलली. ती नोंदवायची कोणी? मालक आठ महिने दुसऱ्या शीटवर बसून बाजारला जात होते. ती आरामाची आहे, असे त्यांनी चारचौघांत म्हटलेही होते.

मी दुसरी बाजूही सांगतो. ठोकळे घालणाऱ्या मिस्त्रीला आणि घालू देणाऱ्या आमच्या सभासदाला मी निर्दोष म्हणत नाही. आणि मी स्वतः त्या गाडीत दोनदा बसलो होतो. 'झकास केले' असे म्हणालो होतो; खाली वाकून बोल्ट पाहिले नव्हते. युनियनच्या माणसाने पगाराची पावती पाहावी तसा बोल्ट पाहावा, हे मला तेव्हा कळले नव्हते.

प्रकरण कोर्टापर्यंत गेले नाही. तीन बैठका झाल्या. मालकाने दवाखान्याचे बिल आणि चार महिन्यांचा अर्धा पगार देण्याचे कबूल केले. आम्ही अधिक मागत होतो. एक अट मात्र आम्ही सोडली नाही: गाडी दुरुस्त होईल तेव्हा शीट मालकाच्या खर्चाने, नीट, बसेल.

हल्ली शहरांत जुन्या गाड्या जपण्याचा शौक वाढला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठा फेरफार नसावा आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरू नये, असा त्यांचा आशय. जपणाऱ्यांनी जपाव्यात, जुना बाक जुन्या काथ्यासकट राहिला तर आमच्या नातवंडांना तो पाहता येईल. ज्यांची जुनी गाडी प्रदर्शनात नसून बाजार समितीच्या दारात उभी असते, त्यांनी मात्र शीट जरूर बदलावी. कशी, ते आमच्या दुसऱ्या खेपेवरून सांगतो.

मिस्त्री दुसरा होता. त्याने शीटला हात लावण्यापूर्वी फरशीचा गंजका पत्रा कापून नवा जोडला. मग दीड इंची अँगलची चौकट केली, ती टाकीच्या वरून अंतर ठेवून नेली आणि तिचे पाय पत्र्यात न ठेवता थेट सांगाड्याच्या लोखंडावर आणून बसविले. जेथे पत्र्यातून जाणे भागच होते तेथे खाली तळहाताएवढी जाड पट्टी दिली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरावी. बोल्ट साधे नव्हेत, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले. लाकूड कोठेही नाही. ड्रायव्हरला चौकटीवर नुसते बसवून डोके आणि छत यांत चार बोटे राहतात का, गुडघा स्टीअरिंगला लागतो का, ब्रेक पूर्ण दाबताना कंबर टेक्यावर राहते का, हे पाहिले आणि मगच जोड पक्का केला. पट्टाही लावला, त्याची टोके खांबाला आणि सांगाड्याला. फार अलीकडच्या मोटारीची शीट असेल तर तिच्या कुशीत हवेची पिशवी असू शकते. पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर ती शीट घेऊच नये, असेही त्याने मला बजावले.

या सगळ्याला दोन दिवस लागले. पहिल्या खेपेला एक दुपार लागली होती.

सभासद काठी टेकीत गॅरेजात आले. शीटवर बसले, पाठ टेकली, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. मालक बाजूलाच उभे होते. आम्ही सारे त्यांच्या तोंडाकडे पाहात राहिलो. त्यांनी क्लच दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला, आणि मिस्त्रीला म्हणाले, "भाऊ, शीट दोन बोटं पुढं घ्या, क्लच दाबाले पाय ताना लागते."

मिस्त्रीने रूळ दाखविला. तो तेवढ्यानेच सरकत होता.